अमेरिकन विद्यापीठात पदवी करतानाच टीए व्हायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, प्राध्यापकांना शिकवण्यात आणि पेपर तपासण्यात मदत करणारा, म्हटलं की एमएस किंवा पीएचडी करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो. पण अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलंही हे काम करतात, आणि ही काही आजची टूम नाही. ब्राऊन विद्यापीठात संगणकशास्त्राच्या कोर्सना १९६० च्या दशकापासून पदवीचे विद्यार्थी टीए आहेत. स्टॅनफर्डमध्ये सीएस१०६ए आणि सीएस१०६बी या सुरुवातीच्या प्रोग्रॅमिंग कोर्सचे छोटे वर्ग, म्हणजे सेक्शन, प्रामुख्याने पदवीचेच विद्यार्थी घेतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसवर २००३ साली लर्निंग असिस्टंट नावाची योजना सुरू झाली, ती पुढे इतर अनेक विद्यापीठांनी उचलली.

नावं मात्र जागोजागी वेगळी. यूटीए (अंडरग्रॅज्युएट टीए), कोर्स असिस्टंट, लर्निंग असिस्टंट, ग्रेडर, पीअर लीडर. विभागाच्या पानावर नुसतं 'टीए' शोधलंत तर फक्त पदव्युत्तर मुलांच्या जागा हाती लागतील, म्हणून ही सगळी नावं टाकून बघा.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण घरी फोनवर मलाही तो दूर करावा लागला होता: यात फी माफ होत नाही. फीमाफी आणि स्टायपेंड हा प्रकार पदव्युत्तर असिस्टंटशिपचा. पदवीच्या मुलांना तासावर पगार मिळतो किंवा क्रेडिट मिळतात. एकाच कामाचे सहसा दोन्ही नाही. क्रेडिट घेणार असाल तर ते पदवीच्या हिशेबात धरले जातात का, आणि त्या जादा क्रेडिटची फी लागते का, हे सल्लागाराला विचारून मगच हो म्हणा. काम करून वर बिल भरण्याची वेळ येऊ शकते.

पात्रता

नियम विभागागणिक बदलतात, पण सांगाडा सारखाच. तो कोर्स तुम्ही स्वतः पूर्ण केलेला हवा, शक्यतो त्याच विद्यापीठात, आणि ग्रेड ए किंवा त्याच्या आसपास. एकूण जीपीएची (४ पैकी ग्रेडच्या सरासरीची) अट असली तर ती बहुतेकदा ३.० च्या जवळपास असते. शिस्तभंगाची, विशेषतः कॉपीची, नोंद नको. आणि सेक्शनच्या किंवा लॅबच्या वेळेला तुमचा स्वतःचा वर्ग नको. ही शेवटची अट फालतू वाटते, पण चांगली चांगली मुलं गळतात ती इथेच. वेळापत्रक जुळत नसेल तर प्राध्यापकांचा नाइलाज असतो.

पहिल्यांदाच टीए होणाऱ्याला काही ठिकाणी शिकवण्याबद्दलचा एक छोटा कोर्स त्याच सेमिस्टरला करावा लागतो. बोल्डरच्या योजनेत तो आहे, स्टॅनफर्डमध्येही नव्या सेक्शन लीडरला प्रशिक्षण घ्यावं लागतं. तुमच्या विषयांच्या ओझ्यात तेवढी जागा ठेवा.

अर्ज

पुढच्या सेमिस्टरच्या जागा साधारण त्या सेमिस्टरची कोर्स-नोंदणी सुरू होते त्याच सुमारास भरतात. म्हणजे ऑगस्टमध्ये काम सुरू करायचं तर हालचाल मार्च-एप्रिललाच. फॉर्मबरोबर अनौपचारिक ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), एक पानी रेझ्युमे, पुढच्या सेमिस्टरचं वेळापत्रक आणि "तुम्हाला टीए का व्हायचंय" याचं छोटं उत्तर, एवढंच सहसा मागतात. शिफारसपत्राऐवजी प्राध्यापकाचं नुसतं नाव पुष्कळदा चालतं.

पण खरा अर्ज फॉर्मच्या आधीच झालेला असतो. जे प्राध्यापक अर्ज वाचतात त्यांना ए ग्रेडवाल्यांची यादी मिळतेच; त्यात तुमचा चेहरा त्यांना आठवतो का, हा प्रश्न असतो. कोर्स करताना ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या ठरावीक वेळेला, जात राहा, कोर्सच्या चर्चामंचावर दुसऱ्यांच्या शंकांना उत्तरं द्या. आणि त्या छोट्या उत्तरात "मला शिकवण्याची आवड आहे" हे वाक्य लिहू नका, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी कुणाला काय अडलं होतं आणि तुम्ही ते कसं सोडवून दिलंत, हा एक प्रसंग लिहा. तुम्हाला स्वतःला तो कोर्स जड गेला असेल तर तेही लिहा. मुलं कुठे अडखळतात हे अडखळलेल्याला जास्त ठाऊक असतं.

मुलाखतीत बहुतेकदा शिकवून दाखवायला लावतात. माझ्या वेळी प्राध्यापक स्वतःच विद्यार्थी होऊन बसले आणि एक कागद पुढे सरकवला: दहा आकडे छापायचे होते, प्रोग्रॅम अकरा छापत होता. काउंटर, म्हणजे फेऱ्या मोजणारा आकडा, शून्यापासून सुरू होत होता आणि अट होती 'दहापेक्षा लहान किंवा समान'. मी लगेच बोट ठेवलं, "इथे फक्त 'लहान' करा." ते म्हणाले, "केलं. आता दुसऱ्या पानावर हीच चूक आहे, ती मला सापडेल का?" मी गप्प. मग त्यांनीच दुसरी संधी दिली. या वेळी मी विचारलं, "पहिल्या फेरीत काउंटर किती असतो? शेवटच्या फेरीत? मग एकूण फेऱ्या किती?" त्यांना बघायचं होतं ते एवढंच.

निवड झाल्यावरची कागदपत्रं

इथे मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसवरची नोकरी करायला वेगळं वर्क परमिट लागत नाही. सीपीटी किंवा ओपीटी या कॅम्पसबाहेरच्या कामाच्या परवानग्यांचाही संबंध नाही. अट अशी की ज्या विद्यापीठाने आय-२० (व्हिसासाठीचं प्रवेशाचं प्रमाणपत्र) दिलाय तिथेच काम, तुमचा दर्जा शाबूत, म्हणजे पदवीला सहसा किमान १२ क्रेडिट, आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. हे २० तास सगळ्या कामांचे मिळून. लायब्ररीत १२ तास बसत असाल तर टीएच्या कामाला ८ च उरतात. परीक्षेच्या आठवड्यात पेपर तपासायचा ढीग येतो तेव्हा हा आकडा नकळत ओलांडला जातो. तेव्हा प्राध्यापकांना आधीच सांगा, आणि जादा तास न नोंदवता काम करण्याचा शहाणपणा करू नका. लांबच्या सुट्टीत मात्र पूर्णवेळ काम चालतं.

तुम्हाला अमेरिकेत काम करायचा हक्क आहे हे दाखवणारा आय-९ हा फॉर्म प्रत्येकालाच भरावा लागतो, अमेरिकन नागरिकालाही. त्याचा पहिला भाग तुम्ही कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. कागदपत्रं बघून दुसरा भाग विद्यापीठ काम सुरू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत पूर्ण करतं. एफ-१ वाल्याला मुदतीत असलेला पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि आय-२० लागतात. नागरिकाला अमेरिकन पासपोर्ट एकटा पुरतो, नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड ही जोडी. कागदपत्रं मूळ हवीत. मी फोनमधला पासपोर्टचा फोटो दाखवायला गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी तो बघितलाही नाही. पासपोर्ट दुसऱ्या शहरात मैत्रिणीकडे ठेवलेल्या बॅगेत होता. तो कुरियरने येईपर्यंत आठवडा गेला आणि माझं पहिलं सेक्शन दुसऱ्याच कुणीतरी घेतलं.

पगार आणि करासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच्या कॅम्पस नोकरीमुळे मिळाला असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर विभागाकडून एक पत्र घ्या, ज्यात काम काय, कधीपासून, आठवड्याला किती तास आणि वरिष्ठांचं नाव हे असेल. दुसरं पत्र परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या डीएसओचं, म्हणजे व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याचं. ही दोन्ही पत्रं, पासपोर्ट, आय-९४, आय-२० आणि एसएस-५ हा अर्ज घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात जायचं. काम सुरू व्हायला ३० दिवसांपेक्षा जास्त अवकाश असेल तर ते अर्ज पुढे सरकवत नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये निवड झाली, काम ऑगस्टच्या शेवटी, अशा वेळी मे महिन्यात तिथे चक्कर मारून उपयोग नाही. नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं, अर्जाची पावती जपून ठेवा.

फेडरल वर्क-स्टडी ही विद्यार्थ्यांच्या कामाच्या पगाराला मिळणारी सरकारी मदत एफ-१ वाल्यांना मिळत नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल आणि एफएएफएसए हा सरकारी मदतीचा अर्ज भरलेला असेल, तर ती मंजूर झाली आहे का ते बघा आणि विभागाला कळवा. पगाराचा काही भाग सरकारी निधीतून जातो, त्यामुळे विभाग खूश असतो.

काम सुरू होण्याआधी एफईआरपीएचं प्रशिक्षण येईल. हा १९७४ चा कायदा, विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा. कुणाला किती गुण पडले हे रूममेटलाही सांगायचं नाही. त्याच कोर्सला तुमचा मित्र, भावंड किंवा खोलीतला जोडीदार असेल तर पहिल्याच दिवशी लेखी कळवा, त्याचे पेपर दुसऱ्याकडे जातील. नंतर उघड झालं तर निस्तरणं अवघड.

पगाराची पावती आणि टॅक्स

एफ-१ वर आल्यापासूनची पहिली पाच कॅलेंडर वर्षं सर्वसाधारणपणे तुम्ही करासाठी अनिवासी धरले जाता आणि तुमच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापले जायला नकोत. पहिली पावती आली की याच दोन ओळी बघा. कापले असतील तर आधी पेरोल कार्यालयाकडेच परत मागा, ते बहुधा तिथेच निस्तरतं. फेडरल आयकर मात्र कापला जाईल. पुढच्या वर्षी जानेवारीअखेर डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला) मिळतो, आणि १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर (अनिवासींचं कर विवरणपत्र) आणि ८८४३ (अनिवासी विद्यार्थी असल्याचं निवेदन) हे फॉर्म भरायचे. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही. नागरिकांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये घाईघाईने साधा १०४० भरून मोकळी होणारी मुलं दरवर्षी भेटतात, आणि मग तो दुरुस्त करत बसतात.

टीएची नेमणूक बहुतेक ठिकाणी एकाच सेमिस्टरची असते. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करावा लागतो, पण आय-९ सहसा पुन्हा पहिल्यापासून भरावा लागत नाही. मधल्या काळात आय-२० ची तारीख वाढवून घेतली असेल तर नवा आय-२० तेवढा विभागाला दाखवून या.