कातडीवरच्या गाठी आणि विजेचे आठ झटके: इलेक्ट्रोकेमोथेरपीची पार्श्वभूमी

परळच्या कॅन्सर ओपीडीत स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, लाईट (रेडिएशन) सगळं करून झालेल्या बायका पुन्हा येतात, तेव्हा काहींच्या छातीच्या कातडीवर नव्या गाठी उठलेल्या असतात. गाठ फुटली की पाणी झिरपतं, रक्त येतं, वास येतो. घरात पट्टी बदलायला धड आडोसा नसतो, आणि लोकलमध्ये शेजारची बाई जरा सरकून बसली तरी ते मनाला लागतं. इलेक्ट्रोकेमोथेरपी, म्हणजे कॅन्सरचं औषध आणि विजेचे झटके मिळून केलेला उपचार, मुख्यतः अशाच गाठींसाठी आहे. तिने आतला पसरलेला कॅन्सर बरा होत नाही. गाठ सुकते, रक्त थांबतं. माझ्या मते हे अजिबात कमी नाही.

यातलं औषध जुनंच आहे. ब्लिओमायसिन १९६० च्या दशकात जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी शोधलं. पेशीत शिरलं की ते डीएनएचे धागे तोडतं. पण पेशीचं आवरण ओलांडणं त्याला फारसं जमत नाही. डोस वाढवत न्यावा, तर फुप्फुसांना इजा होण्याची भीती.

वाट विजेने मोकळी केली. १९८२ मध्ये शास्त्रज्ञ एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी विजेचे सूक्ष्म झटके देऊन उंदराच्या पेशींत जनुकं शिरवून दाखवली. झटक्याने आवरणाला बारीक छिद्रं पडतात आणि थोड्या वेळात बुजतात. तेवढ्यात ब्लिओमायसिन आत गेलं, तर त्याचा मारा कित्येक शे पटींनी वाढतो. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेत लुईस मीर यांच्या गटाने १९९१ मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचणीची माहिती दिली. ते रुग्ण डोकं-मानेच्या कॅन्सरचे होते, गाठी कातडीत पसरलेल्या. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या शहराला असे रुग्ण नवे नाहीत.

तरीही पुढची पंधराएक वर्षं जो तो आपापल्या पद्धतीने उपचार करत होता. सुया वेगळ्या, व्होल्टेज वेगळं, औषध देण्याची वेळ वेगळी. मला या इतिहासातलं खरं वळण २००६ चं वाटतं. फ्रान्स, स्लोव्हेनिया, डेन्मार्क आणि आयर्लंडमधल्या चार केंद्रांनी मिळून रुग्णांवर अभ्यास केला आणि एकच कार्यपद्धती प्रसिद्ध केली. औषध शिरेतून किंवा थेट गाठीत. शिरेतून दिलं तर साधारण आठव्या मिनिटापासून अठ्ठाविसाव्या मिनिटापर्यंत झटके. एका वेळी आठ, प्रत्येक १०० मायक्रोसेकंदांचा. झटक्यासरशी स्नायू आखडतो, म्हणून तेवढा भाग बधिर करतात किंवा पूर्ण भूल देतात. त्या अभ्यासात सुमारे ८५ टक्के गाठींनी दाद दिली, त्यातल्या बऱ्याच पूर्ण विरल्या. मेलानोमा (कातडीचा एक कॅन्सर) असो की स्तनाचा कॅन्सर, मूळ आजारामुळे फारसा फरक पडला नाही. २०१३ मध्ये कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही कातडीतल्या मेटास्टॅसिससाठी, म्हणजे कॅन्सर पसरून तिथे आलेल्या गाठींसाठी, या उपचाराबद्दल मार्गदर्शन काढलं.

पुढच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पक्की झाली: तीन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी चांगली दाद देतात, त्याहून मोठ्या कमी. त्यामुळे नवी गाठ हाताला लागली की पुढच्या फॉलोअपची तारीख येईपर्यंत थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावी आणि या उपचाराचं थेट विचारावं.