वॉरगेमच्या टेबलावर झुडूप कुठलं आणि हेज कुठली?

वॉरगेम म्हणजे छोटे सैनिक टेबलावर मांडून खेळायची लढाई. 28 मिमी उंचीचे सैनिक टेबलावर मांडले की त्यांच्या गुडघ्याच्या वर येणाऱ्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला आपण सरसकट ‘झाडी’ म्हणतो. मग ऐन खेळात वाद पेटतो: ही तुकडी झाडीच्या आत आहे की मागे? नियमपुस्तक उघडून हा वाद मिटत नाही, कारण त्याचं मूळ टेरेन, म्हणजे टेबलावरची झाडी-जमीन, बनवण्यातच असतं. झुडूप ही एक जागा आहे. सैनिक त्यात शिरतो, दबून बसतो. हेज, म्हणजे झाडं ओळीत लावून केलेलं कुंपण, ही एक रेघ आहे. सैनिक तिच्या अलीकडे असतो, नाहीतर पलीकडे. गोळी दोन्हींतून आरपार जाऊ शकते, म्हणून बहुतेक नियमांत दोन्हींची आड हलकीच धरतात. खरा फरक पडतो तो हालचालीत.

कात्री हातात घेण्याआधी दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष पाहून याव्यात, आणि त्यासाठी मुंबईबाहेर जायची गरज नाही. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये कापून राखलेल्या हेजेस आहेत. वरची कड सपाट, बाजू सरळ, आणि खाली वाकून पाहिलं तर पानं संपून नुसत्या काड्या दिसतात. उलट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात उतारावरची करवी बघा. दाट आहे, पण एकाही फांदीला कुणी शिस्त लावलेली नाही. हेज दिसली की जवळपास माणसाची वस्ती आहे हे कळतं, आणि टेबलावरही तेच कळायला हवं.

हेजसाठी मला भांड्यांची हिरवी घासणी सगळ्यात आवडते. तिच्या साधारण 20 मिमी उंचीच्या पट्ट्या कापायच्या. 28 मिमीच्या सैनिकाच्या छातीपर्यंत येतात. कापलेली कड तशीच ठेवली तर घासणी घासणीच दिसते, म्हणून पकडीने कडेचे धागे ओढून विस्कटायचे. मग पट्टी आइस्क्रीमच्या रुंद काडीवर चिकटवायची, पूर्ण गडद तपकिरी रंगवायची आणि वरच्या दोन तृतीयांश भागावरच फेविकॉल लावून रंगवलेल्या फोमचा चुरा दाबायचा. खालचा तपकिरी भाग उघडा राहू द्या. हेज खरी वाटते ती त्या उघड्या काड्यांमुळे. एखाद्या तुकड्यात फाटकाची मोकळी जागाही सोडा, नाहीतर शेतकरी स्वतःच्या शेतात जाणार कुठून?

झुडपाला घासणी चालत नाही, तिची जाडी फार एकसारखी असते. गादीवाल्याकडे रबर मारलेल्या काथ्याचे तुकडे मिळतात, ते हाताने तोडून घ्या. कात्री अजिबात नको. लहान-मोठे गोळे करून फोमचा चुरा वरच्या बाजूला जास्त, खाली कमी लावा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: झुडपं तळाला पक्की चिकटवू नका. वेडावाकडा पातळ तळ वेगळा ठेवा, त्यावर झुडपं सुटी. तुकडी आत शिरली की झुडपं उचलायची. तळाची कड दिसतच राहते, त्यामुळे आत कोण आणि बाहेर कोण हे दोघांनाही कळतं.

आता फ्रान्समधलं नॉर्मंडी. दुसऱ्या महायुद्धातल्या, 1944 च्या लढायांसाठी अनेकजण ही छातीएवढी हेज मांडून मोकळे होतात, आणि सगळी लढाईच हलकी होऊन जाते. तिथली बोकाज म्हणजे मातीचा जाड बांध, मुळांनी आवळलेला, आणि त्यावर झाडी. रणगाडा त्यावर चढला की त्याचं पातळ चिलखताचं पोट शत्रूसमोर उघडं पडायचं. म्हणून अमेरिकन सैन्याने किनाऱ्यावरच्या जर्मन अडथळ्यांचंच पोलाद कापून रणगाड्यांच्या पुढे दाते बसवले. सार्जंट कर्टिस क्युलिन यांचं नाव त्या युक्तीशी जोडलं जातं. 25 जुलै 1944 ला ऑपरेशन कोब्रा, म्हणजे जर्मन फळी फोडण्याची अमेरिकन मोहीम, सुरू झालं तेव्हा असे रणगाडे तयार होते. तेव्हा आधी फोमशीटचा उतरता बांध करा, त्यावर माती-वाळूचा थर द्या आणि मग झाडी लावा. एकूण उंची सैनिकाच्या डोक्याच्या बरीच वर जाऊ द्या. या हेजला साध्या हेजचे नियम लावणं मला पटत नाही. पायदळाला ती सावकाश ओलांडू द्यावी, पण रणगाड्याला दात्यांशिवाय नाही.

मराठा-मुघल टेबलावर मात्र कापलेली हिरवी हेज नकोच. तिथे करवंदीच्या जाळ्या, आणि शेताला निवडुंगाचं किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण शोभतं. काट्यांसाठी काथ्याचे सुटे धागे पिळून वापरा, रंग राखाडी-तपकिरी द्या आणि फोमचा चुरा जवळजवळ लावूच नका.

दुकानात तयार मिळणारं रेनडिअर मॉस (शेवाळासारखं दिसणारं, वाळवून रंगवलेलं दगडफूल) देखणं असतं, पण ते टिकवायला ग्लिसरीन वापरतात आणि ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं. मुंबईच्या पावसाळ्यात ते ओलसर, चिकट होतं. फोम रंगवून वाळवण्याचं कामही शक्यतो मे महिन्यातच उरकून घ्या.