निदानाच्या पुढचे प्रकरण : स्मृतिभ्रंशाची काळजी पदव्युत्तर वर्गात कशी आली

मेडिसिन किंवा मनोविकारशास्त्रात एमडी करणारा निवासी डॉक्टर स्मृतिभ्रंशाचे निदान बहुधा बरोबर करतो. बी-१२, थायरॉइड, मेंदूचा सीटी, एमएमएसई ही स्मरण-आकलनाची प्रश्नावली हे त्याच्या हाताखालचे काम असते. तो अडतो त्यानंतर. "रात्रभर झोपत नाहीत, धरायला गेलं की अंगावर येतात," असे सून सांगते, तेव्हा नेमके काय विचारायचे हे त्याला ठाऊक नसते. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. हा आजार वैद्यकीय शिक्षणात ज्या दाराने आला, त्या दारातच ही उणीव होती.

ते दार म्हणजे प्रयोगशाळा. आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथे एका रुग्णेच्या मेंदूतले बदल मांडले. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ती ५१ वर्षांची होती. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी १९१० मध्ये आजाराला आल्झायमरांचे नाव दिले, पण तो अकाली येणाऱ्या स्मृतिभ्रंशात बसवला. त्यामुळे सत्तरी-ऐंशीतले विस्मरण म्हातारचळच राहिले. न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी १९६८ मध्ये वृद्धांच्या मेंदूतले तसेच बदल मोजून दाखवले, १९७५ मध्ये ३० गुणांची एमएमएसई आली, आणि १९७६ मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ कॅट्झमन यांनी हा मोठ्या प्रमाणावर मृत्यूला कारण ठरणारा आजार असल्याचे ठासून मांडले. विद्यार्थ्याच्या हाती आले ते मेंदूचे काप आणि गुणपत्रिका. पुढे गोळ्या आल्या. १९९३ मधील टॅक्रीन यकृताला बाधे, १९९६ मधील डोनेपेझिल सोसवते, पण त्याचा गुण बेताचाच.

काळजीचा विचार दुसरीकडे वाढत होता. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधील वृद्धांना बांधून ठेवण्यावर आणि गुंगीत ठेवण्यावर बंधने आणली. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड आजाराआधी माणूस पाहायला शिकवत होते. डॉक्टरांच्या वर्गात हे शिरले ते मात्र २००५ नंतर. त्या वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने इशारा दिला : १७ चाचण्या एकत्र पाहता, नवी अँटीसायकोटिक (भास-भ्रम आवरणारी) औषधे घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका १.६ ते १.७ पट. साधारण १० आठवड्यांच्या चाचणीत मृत्यू सुमारे ४.५ टक्के, तर नुसती दाखवायची गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के. मग गोळीऐवजी काय, हे शिकवणे भाग पडले.

आपल्याकडची वाट वेगळी आहे, आणि तिचा महत्त्वाचा टप्पा गोव्यात आहे. १९९२ मध्ये केरळात एआरडीएसआय ही स्मृतिभ्रंशासाठी काम करणारी संस्था उभी राहिली. १९९८ मध्ये कोचीच्या बैठकीतून '१०/६६' हा संशोधकांचा गट निघाला. जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि संशोधनाचा १० टक्के वाटाही त्यांच्यावर नाही, ही तक्रार त्या नावात आहे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी एमएमएसईचे हिंदी रूप तयार झाले. त्यात वाक्य लिहायला न लावता घराबद्दल काही सांगायला सांगतात.

गोव्यातल्या सुरुवातीच्या अभ्यासांत दिसले की कुटुंबे हे सारे वयाचेच मानतात. पुढे दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थानिक भाषा येणारे, डॉक्टर नसलेले सल्लागार सहा महिने घरी जात आणि माहिती, वागणूक कशी हाताळायची, सरकारी योजना यांबद्दल सांगत. गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ येत. फरक पडला तो काळजी घेणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात आणि त्यांना होणाऱ्या त्रासात. रुग्णाच्या वागणुकीतला फरक सांख्यिकीदृष्ट्या ठोस नव्हता. हा निकाल प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने समजून घ्यायला हवा. रुग्णाचे गुण वाढले नाहीत म्हणून उपचार फसला, असे या आजारात म्हणता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढचे ८८ लाख लोक या आजारासह जगतात. त्यांतले बहुतेक घरीच असतात.

म्हणून आता शिकवताना केसपेपरवर 'चिडचिड करतात' एवढे लिहिलेले चालवून घेऊ नये. किती वाजता, कोण जवळ होते, आधी काय घडले, मग घरच्यांनी काय केले, हे लिहायला लावावे. आंघोळीला मारायला उठणाऱ्या आजोबांचे घ्या. नीट विचारल्यावर कळते की आंघोळ संध्याकाळी, सुनेसमोर कपडे काढायचे, पहिला तांब्या थेट डोक्यावर, आणि खांदा आखडलेला असल्याने हात वर केला की कळ येते. उपाय त्यातच आहे : वेळ सकाळची, सोबत मुलगा, आधी पॅरासिटामॉल, खांद्यावर टॉवेल, पाणी पायापासून. काही दिवसांनी पुन्हा विचारायचे. मात्र बिघाड दोन-चार दिवसांतलाच असेल तर आधी डेलिरियम (अचानक आलेला मानसिक गोंधळ) धरून लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, नवे औषध शोधावे. हरवलेला चष्मा आणि संपलेली श्रवणयंत्राची बॅटरीही विचारावी.

दुसरा धडा औषधांच्या पिशवीचा. नातेवाइकांना सगळी पाकिटे आणायला सांगून टेबलावर ओतावीत. डोनेपेझिलने काहींना लघवी आवरत नाही. ते वयाचे समजून कोणी लघवी आवरणारे ऑक्सिब्युटिनिन देतो, आणि ते नेमके डोनेपेझिलच्या उलट काम करते. कॅनडातल्या ऑन्टारियोच्या २००५ मधील अभ्यासात ही साखळी स्पष्ट दिसली. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेले अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांचीही गत तीच. नाडी न मोजता डोनेपेझिलचा डोस ५ वरून १० मिग्रॅ केला की आधीच मंद असलेले हृदय आणखी मंदावते आणि रुग्ण चक्कर येऊन पडतो.

एवढे करूनही कोणाच्या जिवाला धोका असेल, तर रिस्पेरिडोनसारखे अँटीसायकोटिक औषध ०.२५ मिग्रॅपासून सुरू करतात. त्याआधी स्मृतिभ्रंशाचा लेवी बॉडी प्रकार नाही ना, हे पाहावेच लागते : नसलेली माणसे दिसणे, अंग ताठरणे, दिवसागणिक बदलणारी शुद्ध. त्यात हॅलोपेरिडॉल हे जुने अँटीसायकोटिक जीवघेणे ठरू शकते. औषध देण्याचे कारण, घरच्यांना सांगितलेला धोका आणि सहा आठवड्यांच्या आतली फेरतपासणीची तारीख प्रिस्क्रिप्शनवरच लिहायला शिकवावे. नाहीतर पुढचा डॉक्टर 'चालू ठेवा' लिहितो, आणि तेच औषध वर्षभर चालू राहते.