एमबीबीएस झालं, आता जीपी कसं व्हायचं? थोडी पार्श्वभूमी

मुंबईत चांगला फॅमिली डॉक्टर मिळत नाही ही ओरड हल्ली सगळीकडेच आहे, आणि लगेच कोणीतरी म्हणतं नव्या पोरांना फक्त पैसा हवा. मला हे अजिबात पटत नाही. जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर किंवा आपला फॅमिली डॉक्टर, व्हायचा नीट रस्ताच आपल्याकडे कधी बांधला नाही आणि हे पार 1946 पासूनचं, म्हणजे देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सुचवणाऱ्या भोर कमिटीपासूनचं आहे.

त्याआधी डॉक्टर दोन प्रकारचे असायचे. एक पदवीवाले, म्हणजे आपल्याकडे 1845 च्या ग्रँट मेडिकलमधून वगैरे शिकून निघालेले, आणि दुसरे लायसन्शिएट, छोटा कोर्स करून सरळ दवाखाना टाकणारे. मुंबईत 1912 ला कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं, त्यांची एलसीपीएस ही पदविका त्यातलीच. भोर कमिटीने आकडे काढले तेव्हा देशात साधारण 47,500 डॉक्टर होते आणि त्यातले जवळपास 30 हजार लायसन्शिएट! कमिटी म्हणाली दोन दर्जे नकोत, सगळ्यांना एकच पदवी, एकच बेसिक डॉक्टर. हेतू चांगलाच होता, गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का म्हणून द्यायचा.

पण हा बेसिक डॉक्टर शिकणार कुठे, तर केईएम-सायनसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात, आणि शिकवणार स्पेशालिस्ट. तिथे पोचलेला पेशंट बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणी फिरून, रिपोर्टची फाईल घेऊन आलेला असतो. जीपीकडे तोच माणूस येतो पावसाळ्यात, तापाच्या पहिल्या दिवशी, हातात काही नाही, डेंग्यू की मलेरिया की साधा व्हायरल हे त्या घडीला कळतच नाही, मग आज घरी पाठवायचं का, परत कधी बोलवायचं, पोट दुखायला लागलं किंवा उलट्या थांबेनात तर रात्रीच हॉस्पिटल गाठा हे घरच्यांना कसं पटवायचं, ही सगळी वेगळी विद्या आहे आणि ती वॉर्डात दिसतच नाही. पोरं ती शिकली सीनियर डॉक्टरच्या दवाखान्यात बसून, ज्याचा त्याने शोधून.

इंटर्नशिपमध्ये धारावीचं अर्बन हेल्थ सेंटर, मालवणी, पालघर अशा पोस्टिंग असतात, 2021 च्या नियमात कम्युनिटी मेडिसिनला 12 आठवडे आहेत. पण पुढे नीट-पीजी (NEET-PG), म्हणजे स्पेशालिस्ट व्हायची प्रवेश परीक्षा उभी असते, त्यामुळे लक्ष पुस्तकात. त्यांना तरी काय बोलणार?

डीएनबी फॅमिली मेडिसिन हा एमबीबीएसनंतरचा पीजी कोर्स आहे की, तीन वर्षांचा, 80 च्या दशकापासून नॅशनल बोर्डाकडे हा रस्ता आहे. बऱ्याच विद्यार्थ्यांना तो माहीतच नसतो, कारण बहुतेक कॉलेजात या विषयाचं डिपार्टमेंटच नाही, आणि जो विषय शिकवणारा माणूस कधी बघितला नाही तो निवडणार कोण?

गावाकडे तर अजून अवघड. सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजातून निघालं की एक वर्ष सरकारी सेवेचा बॉन्ड, नाही केला तर 10 लाख भरा. इंटर्नशिप संपते आणि पोरगी थेट पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर, विचारायला बऱ्याचदा शेजारी सीनियर नाही. दरम्यान वस्त्यांमधली जीपीची जागा बीएएमएस-बीएचएमएसवाल्यांनी (आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी) केव्हाच भरली, होमिओपॅथना एक वर्षाचा फार्माकॉलॉजी कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं देऊ द्यायचा कायदा राज्याने 2014 ला केला, त्यावरचं भांडण अजून चालूच आहे. हे बॉन्डचं एक वर्षच सीनियरच्या हाताखाली ठेवून डीएनबीत धरलं असतं तर गावालाही डॉक्टर मिळाला असता आणि पोरांनाही पुढची वाट.