पूल आठ लेनचा झाला, पण बस कधी येणार?

गोव्यात मडगाव ते पणजी म्हणजे साधारण 33 किलोमीटर, आणि झुआरी नदीवर जुना पूल होता तेव्हा पुलाच्या तोंडाशी, कुठ्ठाळीला अडकलेला माणूस कधी पोचेल ते देवालाच माहीत. मग 2022 च्या डिसेंबरात नव्या पुलाच्या चार लेन सुरू झाल्या, पुढच्या डिसेंबरात उरलेल्या चार, आणि हायसं वाटलं. पण रस्ता मोकळा दिसला की कालपर्यंत बसने जाणारा आज स्वतःची गाडी काढतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे 1962 मध्येच मांडलंय, की गर्दीच्या वेळेचा मोठा रस्ता परत भरेपर्यंत वाहनं येतच राहतात.

म्हणून रस्त्यासोबत बसचं गणितही बघायला हवं, आणि ते भलतंच गमतीशीर आहे. समजा तासाला चार बस आहेत. बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी आल्या तर स्टॉपवर सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. त्याच चार बस जोडीने आल्या, म्हणजे 28 मिनिटं काहीच नाही आणि मग 2 मिनिटांत दोन, तर सरासरी थांबणं जातं 13 मिनिटांवर! बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, तरी थांबणं वाढलं, कारण आपण स्टॉपवर पोचतो ते बहुतेक त्या लांबलचक गॅपमध्येच.

आणि बस जोडीने येतात ते काही ड्रायव्हरचं नशीब नाही. पहिली थोडी लेट झाली की तिच्यासाठी जास्त माणसं जमतात, चढायला वेळ जातो, ती आणखी लेट, मागची मात्र रिकामी धावत येऊन तिला गाठते. त्यात पोट तिकिटावर असेल तर कंडक्टर 'फाटीं वच, फाटीं वच' (मागे सरक, मागे सरक) करत स्टँडवर बस भरेपर्यंत थांबणार आणि मग पुढे रेस लावणार, त्याला तरी काय बोलणार. उपाय साधा आहे, मधल्या एखाद्या स्टॉपवर पुढे पळालेली बस मिनिट-दोन मिनिटं रोखायची, आणि कमाई माणसं मोजून नाही तर वेळेवर फेरी मारल्याची द्यायची.

रेल्वेचंही तेच. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन पणजीपासून दहा-बारा किलोमीटर लांब, मडगावहून रेल्वेने तिथे आरामात पोचाल, पण पुढे बस नसेल तर वाचवलेला सगळा वेळ प्लॅटफॉर्मबाहेर पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, शोधण्यातच जातो.