बॅकटेस्टमध्ये पेपर कसा फुटतो

"मार्केट पडलं की घ्यायचं" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, पण हेच कोडमध्ये लिहायला बसलं की लगेच प्रश्न उभे राहतात. पडलं म्हणजे किती पडलं, मोजायचं कधी, कितीला घ्यायचं आणि विकायचं कधी? ह्यांची उत्तरं आकड्यांत दिली की नियम तयार होतो आणि तो नियम मागच्या पंधरा-वीस वर्षांच्या भावांवर चालवून बघणं म्हणजे बॅकटेस्ट.

समजा नियम असा आहे: निफ्टी ५० (पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक, म्हणजे इंडेक्स) एका दिवसात ३ टक्के किंवा जास्त पडला तर दुसऱ्या दिवशी क्लोजच्या, म्हणजे बाजार बंद होतानाच्या भावाच्या, आसपास घ्यायचं आणि १० ट्रेडिंग दिवसांनी विकायचं. पायथॉनमध्ये पँडाज (टेबलवर काम करायची तयार लायब्ररी) वापरून हे आठ-दहा ओळीत होतं. चुकाही त्याच आठ-दहा ओळीत होतात आणि त्यातली सगळ्यात वाईट चूक दिसतच नाही, कारण कोड एरर देत नाही, उलट छान रिझल्ट देतो.

डेटाच्या टेबलमध्ये एका दिवसाची एक ओळ असते, तारीख, ओपन, हाय, लो, क्लोज. २३ मार्च २०२० ची ओळ बघा, क्लोज ७६१०.२५ आणि आदल्या ट्रेडिंग दिवसाचा क्लोज ८७४५.४५, म्हणजे जवळपास १३ टक्के घसरण. आता हा १३ चा आकडा माणसाला कळला कधी? दुपारी साडेतीनला, बाजार बंद झाल्यावर. पण कोडसाठी सकाळचा ओपन आणि दुपारचा क्लोज शेजारी शेजारी ठेवलेले दोन आकडे आहेत, त्याला सकाळ-दुपार काही कळत नाही. त्यामुळे सिग्नल (नियमाची अट पूर्ण झाल्याची खूण) आणि सौदा एकाच ओळीवर लिहिला तर कोड संध्याकाळचा आकडा वाचून सकाळी सौदा करतो. परीक्षेआधी पेपर फुटावा तसं हे आहे, मार्क ९८ टक्के पडतात पण त्यातून विद्यार्थ्याबद्दल काहीच कळत नाही.

माझ्या पहिल्या टेस्टमध्ये हेच झालं होतं. नियम उलटा होता, निफ्टी लाल असेल तर पैसे काढून कॅशमध्ये बसायचं. ग्राफ एकदाही खाली न येता वर वर गेला, दोन दिवस मी खूप खुशीत होतो, मग एकेक तारीख हाताने तपासली तेव्हा लक्षात आलं की माझा कोड प्रत्येक पडलेल्या दिवशी आधीच बाहेर होता, २३ मार्चलासुद्धा. सिग्नल एक ओळ खाली सरकवला, पँडाजमध्ये त्याला शिफ्ट म्हणतात, आत १ लिहायचा, बस. सगळा फायदा गेला.

आणि क्लोज हा आकडा पण जरा जपून वापरायचा. एनएसईच्या (नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या) जुन्या डेटातला क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, तो शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी काढून ठरवलेला असतो, तेव्हा अगदी त्याच भावाला घेतलं असतं असं धरून चालता येत नाही.

आता तो ३ टक्क्यांचा नियम मार्च २०२० मध्ये चालवा. ९, १२, १६, १८, २३ आणि ३० तारखेला, म्हणजे साधारण तीन आठवड्यांत सहा सिग्नल येतात. ९ च्या सिग्नलवर ११ तारखेला घेतलं (१० ला होळीची सुट्टी) निफ्टी १०४५८ असताना, आणि दहा ट्रेडिंग दिवसांनी २५ ला विकलं ८३१८ ला, जवळपास २० टक्के तोटा. २३ च्या सिग्नलवर २४ ला ७८०१ ला घेतलं आणि ९ एप्रिलला ९११२ ला विकलं तर जवळपास १७ टक्के फायदा. नियम तोच, महिना तोच. कोड ह्या सिग्नलना सहा वेगवेगळे पुरावे म्हणून मोजतो पण खरं तर घटना एकच होती, कोविड. मला वाटतं इंडेक्सच्या मोठ्या घसरणीवरच्या नियमांची हीच सगळ्यात मोठी अडचण आहे, अशा घसरणी सुट्या सुट्या येत नाहीत, थव्याने येतात, त्यामुळे टेबलमध्ये चाळीस सौदे दिसले तरी खरे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.

मग लोक काय करतात, ३ टक्के नाही चाललं तर २.५ करून बघ, १० दिवस नाही तर ७. असे २० आकडे घसरणीचे आणि ५० दिवसांचे घेतले की हजार नियम झाले. १०२४ माणसांना दहा-दहा वेळा नाणं उडवायला सांगितलं तर सरासरी एकाला दहाही वेळा छापा पडतो, त्याच्या बोटांत काही विशेष नसतं. हजारातला पहिला आलेला नियम बऱ्याचदा तसाच असतो.

निफ्टीऐवजी त्यातले शेअर घेणार असाल तर आजची ५० नावं घेऊन २००८ पासून टेस्ट करू नका. सत्यम जानेवारी २००९ मध्ये इंडेक्समधून बाहेर गेला, येस बँक मार्च २०२० मध्ये, आजच्या यादीत फक्त टिकलेले आहेत. शिवाय डिलिव्हरीच्या (त्याच दिवशी न विकता खात्यात ठेवलेल्या) शेअर्सवर घेताना ०.१ आणि विकताना ०.१ टक्के एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) जातो, सगळं भांडवल वर्षात ४० वेळा फिरवलं तर ८ टक्के तिथेच गेले, ब्रोकरेज वेगळं. डेटाचंही तसंच, निफ्टीबीज ह्या ईटीएफच्या (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) एका युनिटचे डिसेंबर २०१९ मध्ये दहा युनिट झाले, बाराशेच्या घरातला भाव सव्वाशेच्या घरात आला, जुने भाव त्याप्रमाणे बदलून घेतले नसतील तर कोडला ती एका दिवसातली ९० टक्के घसरण वाटते.

पुढच्या दिवसांचा पेपर फुटलाय का हे तपासायची एक पद्धत मी आता प्रत्येक वेळी वापरतो. आधी पूर्ण डेटावर कोड चालवून सगळे सिग्नल सेव्ह करायचे. मग फाइलमधली १८ मार्च २०२० नंतरची प्रत्येक ओळ डिलीट करायची आणि तोच कोड परत चालवायचा. १८ तारखेपर्यंतचे सिग्नल दोन्ही वेळा अगदी तेच यायला पाहिजेत. एक जरी बदलला, तर कोड कुठेतरी पुढचं वाचतोय, आणि ती ओळ सापडेपर्यंत मी ग्राफ उघडत नाही.