तोतया आणि घुसखोर: ‘माझा ईमेल हॅक झाला’ म्हणण्यापूर्वी

‘तुमच्या नावाने मला काहीतरी विचित्र मेल आला आहे,’ असा ओळखीच्या कुणाचा फोन आला की बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘अकाउंट हॅक झालेले दिसते’ हे, आणि पहिली कृती होते ती पासवर्ड बदलण्याची. त्यातले वाक्य बरेचदा चुकीचे असते आणि कृती कधी निरुपयोगी, तर कधी अपुरी ठरते. या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळ्या घटना असू शकतात. एका प्रकारात कुणीतरी तुमच्या खात्याला हातही न लावता, पाठवणारा म्हणून पत्रावर तुमचे नाव घातलेले असते. याला स्पूफिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात तो खरोखरच तुमच्या खात्यात शिरलेला असतो आणि तुमच्याच खात्यातून पत्रे धाडत असतो. पहिल्याला येथे तोतया म्हणू आणि दुसऱ्याला घुसखोर.

तोतयाला इतके सोपे का जाते, हे कळण्यासाठी ईमेलच्या जन्माकडे थोडे पाहावे लागते. मेल पोचवण्याचे जे नियम आजही मुळाशी आहेत, ते एसएमटीपी या नावाने जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. त्या वेळचे जाळे लहान आणि परस्परांवर विश्वास ठेवणाऱ्यांचे होते. त्यामुळे पाठवणारा स्वतःविषयी जे सांगेल ते खरे मानावे, हीच रीत त्या नियमांत उतरली. टपालाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कुणाचेही नाव लिहिता येते आणि पेटीत टाकताना कुणी ओळखपत्र मागत नाही, तसाच हा प्रकार आहे. शिवाय मेलमध्ये प्रेषक दोन ठिकाणी असतो: एक पाकिटावर, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात, आणि दुसरा आतल्या पत्रावर, ‘फ्रॉम’ या ओळीत. तुमच्या पडद्यावर दिसतो तो आतला. हे दोन्ही एकच असले पाहिजेत, असे मूळ नियमांत कोठेही बजावलेले नाही.

ही उणीव भरून काढायला पुढे तीन जोड द्यावे लागले. एखाद्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या भागाच्या, नावाने कोणत्या सर्व्हरांनी मेल पाठवावा, याची यादी जाहीर करणारे एसपीएफ २००६ मध्ये दस्तऐवजात आले. पत्रावर डोमेनची डिजिटल सही करणारे डीकेआयएम २००७ मध्ये आले. या दोन्हींचा निकाल पडद्यावरच्या ‘फ्रॉम’शी जुळतो का, आणि न जुळल्यास त्या पत्राचे काय करावे, हे डोमेनच्या मालकाला ठरवू देणारे डीमार्क २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या त्या थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे मूळ भोक बुजवण्याचे काम चार दशकांनंतरही चालूच आहे. त्याचा एक परिणाम असा झाला, की आजचा तोतया पत्ता खोटा घालण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो कुठलेतरी फुकटचे खाते उघडतो, नावाच्या जागी तुमचे नाव टाकतो आणि पाठवून देतो. मोबाइलवर बहुधा फक्त नावच दिसते, त्यामुळे तेवढ्याने काम भागते. आणि असे पत्र तिन्ही तपासण्यांत उत्तीर्णही होते, कारण त्या तपासण्या पत्त्याच्या डोमेनची खातरी देतात, नावामागच्या माणसाची नव्हे.

हे दोन प्रकार पूर्वीही शेजारी शेजारी नांदत होते. मे २००० मध्ये पसरलेला ‘आयलव्हयू’ हा विषाणू बळी पडलेल्या माणसाच्या आउटलुकमधून, त्याच्याच पत्तावहीतल्या लोकांना, खरोखर त्याच्याच खात्यावरून मेल पाठवत असे. तेथे ‘पाठवणाऱ्याचा संगणक बाधित आहे’ हा निष्कर्ष बरोबर होता. २००१ च्या अखेरीस आलेल्या ‘क्लेझ’ने मात्र बाधित संगणकावर सापडलेल्या पत्त्यांपैकीच कोणतातरी उचलून तो प्रेषकाच्या जागी घालण्याची युक्ती केली. परिणामी ज्याच्या संगणकात काहीही नव्हते, त्यालाच लोकांची बोलणी खावी लागली. ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे: ‘पण मेल माझ्याच ओळखीच्या लोकांना कसा गेला?’ या प्रश्नाचे उत्तर तुमचे खाते फुटले असेच असते असे नाही. तुम्ही आणि ते लोक, दोघेही ज्याच्या पत्तावहीत आहात, अशा तिसऱ्याच कुणाचे खाते फुटलेले असू शकते.

तोतयाचा सर्वांत घाबरवणारा अवतार म्हणजे खंडणीचे पत्र. ‘मी तुमच्या संगणकात शिरलो आहे, पुरावा म्हणून पाहा, हा मेल तुमच्याच खात्यावरून पाठवला आहे,’ असे त्यात असते. कधी तुमचा एखादा खरा पासवर्डही लिहिलेला असतो आणि शेवटी बिटकॉइनची मागणी असते. असे पत्र माझ्याकडेही आले होते आणि पहिली दोन मिनिटे माझे हातपाय गार पडले होते, हे कबूल करतो. मग त्याचा हेडर, म्हणजे पत्रासोबत येणारी पण एरवी न दिसणारी प्रवासाची नोंद, उघडला. जीमेलमध्ये पत्राच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांखाली ‘शो ओरिजिनल’ असते, आउटलुकच्या वेब आवृत्तीत ‘व्ह्यू मेसेज सोर्स’ असते. ‘फ्रॉम’मध्ये माझा पत्ता होता, पण ‘रिटर्न-पाथ’मध्ये, म्हणजे पाकिटावरच्या प्रेषकाच्या जागी, कुठल्या तिसऱ्याच डोमेनवरचा, अक्षरांची खिचडी वाटावी असा पत्ता होता आणि ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत ‘डीमार्क=फेल’ असे स्वच्छ लिहिलेले होते. म्हणजे त्याने पुरावा म्हणून जे पुढे केले होते, तेच त्याच्या थापेचा पुरावा होते. उरला पासवर्ड. तो मी कित्येक वर्षांपूर्वी एका संकेतस्थळावर वापरला होता आणि तेथील माहिती फुटली होती. अशी फुटलेली माहिती वर्षानुवर्षे फिरत राहते. लिंक्डइनमधून २०१२ साली चोरलेली सुमारे ११ कोटी ७० लाख खात्यांची माहिती २०१६ मध्ये विक्रीला आली होती. आपला पत्ता अशा कोणत्या गळतीत होता, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर पाहता येते. तो जुना पासवर्ड अजून कोठे वापरात असेल तर तेथे तो बदलावाच. पण तो काही संगणकात कुणी शिरल्याचा पुरावा नव्हे.

हेडर वाचताना एक सावधगिरी हवी. ‘रिसीव्हड’च्या ओळी खालून वर चढत जातात आणि त्यांतल्या तुमच्या स्वतःच्या मेलसेवेने वर जोडलेल्या ओळींवरच भरवसा ठेवता येतो. खालच्या ओळी पाठवणारा स्वतः रचून घालू शकतो.

‘सेंट’मध्ये पाहावे, असा सल्ला नेहमी दिला जातो, पण तो दोन्ही बाजूंनी तोकडा आहे. घुसखोर पाठवलेली पत्रे लगेच पुसून टाकतो, त्यामुळे ‘सेंट’ स्वच्छ असणे म्हणजे खाते सुरक्षित असणे नव्हे. आणि एप्रिल २०१८ मध्ये उलटेही घडले: आपण कधीही न पाठवलेले जाहिरातबाज मेल अनेक जीमेल वापरणाऱ्यांना स्वतःच्या ‘सेंट’मध्ये दिसू लागले. हेडर खोटे रचलेले होते, जीमेल त्यांना तुमचेच पत्र समजून तेथे लावत होते आणि खात्यात मात्र कुणीही शिरलेले नव्हते.

आता घुसखोर. तो शिरतो तो बहुधा तीन वाटांनी: दुसरीकडे फुटलेला तोच पासवर्ड वापरून, खोट्या लॉगिन पानावर तुमच्याकडूनच पासवर्ड काढून घेऊन, किंवा संगणकात उतरलेल्या माहितीचोर प्रोग्रॅममधून. हा तिसरा मार्ग नीट समजून घ्यावा. फुकट मिळालेल्या ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येणारे हे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलतात. कुकी म्हणजे एकदा आत सोडल्यावर हातात बांधलेला पट्टा. तो ज्याच्या हाती लागला, त्याला पासवर्डही लागत नाही आणि मोबाइलवर येणारा कोडही विचारला जात नाही. ‘माझ्याकडे टू-स्टेप चालू होते, तरी कसे झाले?’ याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. यांतले बरेच प्रोग्रॅम काम थोडक्यात उरकून स्वतःला पुसून टाकतात. म्हणून संगणक हळू चालतो की नाही, यावरून काहीही ठरत नाही. हळू चालणाऱ्या संगणकात बहुधा डिस्क भरलेली असते किंवा ब्राउझरमध्ये नको तितके टॅब उघडे असतात.

आत शिरल्यावर घुसखोर गडबड करत नाही. तो सेटिंग्जमध्ये जाऊन एक नियम लावतो: अमुक शब्द असलेला मेल आला की तो वाचलेला म्हणून खूण करून आर्काइव्हमध्ये किंवा कचऱ्यात टाकावा. शब्द असतात ‘हॅक’, ‘बँक’, ‘पासवर्ड’ यांसारखे. म्हणजे ‘अहो, हा मेल तुम्हीच पाठवला का?’ हे तुमच्या मित्राने पाठवलेले उत्तर तुम्हाला दिसतच नाही. कधी तो प्रत्येक मेलची प्रत स्वतःकडे वळवतो, कधी ‘रिप्लाय-टू’मध्ये तुमच्या पत्त्याहून एकाच अक्षराने वेगळा पत्ता घालून ठेवतो. पासवर्ड बदलल्याने यांतले काहीही आपोआप पुसले जात नाही. मला विचाराल तर सगळ्यांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच आहे. लोक कुलूप बदलतात आणि मागचे दार तसेच उघडे राहते.

कोण केव्हा आत आले, हे लॉगिनच्या नोंदींत दिसते. जीमेल संगणकावर उघडल्यास पानाच्या तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’मध्ये ते पाहता येते. मात्र तेथे दुसऱ्याच शहराचे नाव दिसले म्हणून लगेच दचकू नये. मोबाइल इंटरनेटचा आयपी पत्ता पुष्कळदा दूरच्या शहरात नोंदलेला असतो आणि व्हीपीएन चालू असेल तर देशही वेगळा दिसतो. शहरापेक्षा उपकरण, ब्राउझर आणि वेळ यांच्याकडे पाहावे. तुम्ही झोपेत असताना तुमच्याकडे नसलेल्या प्रकारच्या उपकरणावरून झालेले लॉगिन, तुम्ही न मागितलेली पासवर्ड बदलण्याची पत्रे किंवा बदललेला रिकव्हरी क्रमांक, या खऱ्या खुणा आहेत.

तोतया असेल तर करण्यासारखे फारसे काही नसते, आणि हेच पुष्कळांना पटत नाही. पत्र स्पॅम म्हणून कळवावे, खंडणीला उत्तर देऊ नये, ओळखीच्यांना सांगून ठेवावे. तुम्ही न पाठवलेल्या पत्रांची ‘पोचले नाही’ अशी उत्तरे येत असतील तर ती काही दिवसांत आपोआप आटतात. स्वतःचे डोमेन असेल तर मात्र डीमार्कचे धोरण ‘नन’वर (न जुळल्यास काहीही करू नका) न ठेवता, आपले खरे मेल नीट जात आहेत याची खातरी करून, टप्प्याटप्प्याने ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि मग ‘रिजेक्ट’वर (घेऊच नका) न्यावे.

घुसखोर असेल तर क्रमाला महत्त्व आहे. ज्या संगणकाविषयी शंका आहे, त्याच संगणकावरून नवा पासवर्ड टाकणे म्हणजे तो चोराच्या हातात देणे. आधी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून रिकव्हरीचा पत्ता आणि क्रमांक तपासावा, पासवर्ड बदलावा आणि सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतात. मग नियम, फॉरवर्डिंग, ‘रिप्लाय-टू’, जोडलेली ॲप्स, ॲप पासवर्ड आणि इतरांना दिलेला प्रवेश, हे एकेक उघडून पाहावे. त्यानंतर संगणकाकडे वळावे. विंडोजमध्ये डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ संगणक पुन्हा सुरू करून विंडोजच्या बाहेरून तपासणी करते, त्यामुळे लपून बसलेलेही सापडण्याची शक्यता वाढते. माहितीचोर सापडलाच, तर मी तरी सगळे पुसून विंडोज नव्याने टाकण्याच्या बाजूचा आहे. त्या संगणकावर अजून विंडोज १० असेल, तर त्याचे नियमित फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहेत, हेही तेव्हाच ध्यानात घ्यावे. शेवटी शक्य तेथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, लावावी. ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशीच बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही.

हे सारे केल्यावर महिन्याभराने पुन्हा कुणाचा तरी फोन येऊ शकतो: ‘अहो, तुमच्या नावाने परत मेल आला.’ बाहेर काढलेल्या घुसखोराकडे तुमची पत्तावही आणि जुन्या पत्रांच्या प्रती असतात, त्यामुळे तो आता तोतया होऊन, तुमच्या एखाद्या जुन्या पत्राचे उत्तर असल्यासारखे भासवून लिहितो. अशा वेळी पुन्हा पासवर्ड बदलत बसण्याआधी ते पत्र मागवून घ्यावे, पण त्याचा स्क्रीनशॉट मागवू नये आणि नुसते फॉरवर्डही करायला सांगू नये, कारण दोन्हींत मूळ हेडर नाहीसा होतो. ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ करून पाठवायला सांगावे आणि त्यात सर्वांत आधी ‘फ्रॉम’मधला पूर्ण पत्ता अक्षर अक्षर लावून वाचावा.